जातो

दुर्बिणीचं झाकण... काळं, रबरी, कडेला जरासं फाटलेलं. तिचं बोट त्या फाटक्या कडेवरून कितीतरी वेळ फिरत राहिलं आणि मग तिच्या लक्षात आलं की नुसतं झाकण नाही, अख्खी दुर्बीणच गाडीच्या सीटवर पडलीये. पक्षी बघायला गेलेला माणूस दुर्बीण विसरला. विसरला?

'जातो,' म्हणाला होता.

सासूबाई असत्या तर तिथल्या तिथे त्याला थांबवलं असतं. त्यांच्यासमोर घरातून निघताना 'जातो' म्हणायची सोय नव्हती. कोपऱ्यावर पत्र टाकायला निघालात तरी 'येतो' म्हणायचं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तो कधी चुकला नाही. भांडून निघाला तरी दार आपटता आपटता 'येतो' म्हणायचा, आणि तिला त्या रागातही हसू फुटायचं. आज मात्र गाडीचं दार त्यानं हळूच लावलं... जातो.

काहीतरीच तुझं, तिनं स्वतःला दटावलं. जीभ आहे, घसरते. पण घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून — हात थरथरतात, बारीक स्क्रू चिमट्यात धरवत नाही — तो सगळीच दारं अशी हळू लावायला लागला होता. आणि ही सहल त्यानंच काढलेली. स्वस्तात जाऊ, गाडीतच झोपू, कड्यावरून चालू, समुद्रपक्ष्यांची घरटी बघू. मी किती हुरळून गेले होते, मूर्खासारखी.

मागोमाग जावं तर पाळत ठेवतेस म्हणणार. न जावं तर... धावायचं नाही असं ठरवून ती पायवाटेला लागली आणि धावतच सुटली.

वळणापलीकडे तो कड्याच्या अगदी टोकाशी पालथा पडलेला होता. मग त्याचा हात वर झाला.

"हळू ये. खाली पिल्लं आहेत."

ती त्याच्या शेजारी आडवी झाली. पिल्लं तिला दिसलीच नाहीत. खोल खाली पांढरं पाणी तेवढं दिसलं. तिनं त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं.

"दुर्बीण विसरलात."

"हातात स्थिर राहत नाही आता ती." तो बराच वेळ खालीच बघत राहिला. "तू गाडीकडे हो पुढे, स्टोव्हवर चहा टाक. मी आलोच."

आलोच. 'येतो'पेक्षाही पक्कं, आल्यातच जमा. हेच ऐकायला ऊर फुटेस्तोवर धावलीस ना, मग ऊठ की... पण तो तिच्याकडे न बघता म्हणाला होता. मुठीतलं शर्टाचं टोक घामानं ओलं झालं होतं, आणि मूठ काही केल्या उघडेना.