बघून झालेलं

वाटण्या झाल्यावर धाकटा भाऊ ज्ञानेश चाकणला आप्पांजवळ राहिला, मी थेरगावात फ्लॅट घेतला. सिनेमे आणि घरचे व्हिडिओ मात्र माझ्याकडच्या एकाच डिस्कवर, दुसरी प्रत कुठेच नाही. त्या डिस्कवरून नेटने टीव्हीला ते पुरवणारे सर्व्हर दोन, एक माझा, एक त्याचा. कोणी काय बघितलं ते दुसऱ्याला दिसायला नको. डिस्क भरली तेव्हा मी त्याच्यावर खेकसलो होतो, "बघून झालेलं काढत जा! सगळं मीच निस्तरायचं का?" आणि त्याच्या सर्व्हरला डिस्कवरचं पुसायची परवानगीही देऊन टाकली.

दीड महिन्यात सिनेमे कमी होत गेले. बरं झालं म्हटलं. आज पहिली शिफ्ट करून आलो आणि रात्री सहज आईचं फोल्डर उघडलं. ती गेली तेव्हा त्यात एकेचाळीस व्हिडिओ होते. आता एकच.

ज्ञानेशला फोन लावला. "आईचे व्हिडिओ कोणी पुसले?"

"मी कशाला पुसू, दादा? तूच बोलला होतास, म्हणून सर्व्हरलाच सांगून ठेवलंय, बघून झालं की काढून टाकायचं."

"आणि आईचे कोण बघतं?"

"आप्पा. रोज जेवण झालं की एक. आत्ता बी बसलेत."

"बंद कर! आत्ताच्या आत्ता टीव्ही बंद कर!"

तो धावला असावा. फोनमधून आईचा आवाज आला, कांद्याच्या पिशव्या शिवताना, व्हिडिओ काढणाऱ्या आप्पांवर वैतागलेली, "अवो, किती काढताय, पुरं की आता."

व्हिडिओ संपला आणि माझ्यासमोर फोल्डर रिकामं झालं.

"ज्ञाना," आप्पा म्हणाले, "परत लाव रं."