पुनाबाबाची साखर

लोटनचं पत्र रतिलाल सरांनी तीन वेळा वाचलं आणि उत्तर दिलं नाही.

लोटन पूर्वी धुळ्यात सरांच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचा धुवायचा; आता नरडाण्याजवळ प्रेसवर कापसाच्या गाठी बांधत होता. त्यानं लिहिलं होतं : पुनाबाबाच्या मळ्यात दर गुरुवारी हजार माणसं जमतात. बाबा मंतरलेली पिठीसाखर जिभेवर ठेवतो आणि सांगतो, "यामा दवा नही शे, फक्त देवीमायनं नाव शे." तीन दिवसांत गळवं बसतात. बायकोला, पुष्पाला ताप आहे. मागे पेनिसिलिनच्या सुईनं ती सुजून मरता मरता वाचली. ते औषध पुन्हा कधीच नको, असं डॉक्टरांनी बजावलंय. ही साखर द्यावी का? दोन पुड्या आणल्यात; एक सोबत आहे.

निवृत्त सर पुडी घेऊन जुन्या प्रयोगशाळेत गेले. जंतू पसरलेल्या बशीत एका बाजूला त्यांनी बाबाची साखर ठेवली, दुसऱ्या बाजूला वाण्याची. दुसऱ्या दिवशी वाण्याच्या साखरेभोवती जंतूंचा दाट थर होता. बाबाच्या साखरेभोवती रुपयाएवढं स्वच्छ वर्तुळ. कडेचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली फुगून फुटलेले दिसले. मायच्या नावानं जंतू फुटत नाहीत. पण आपलंच चुकत असेल तर? सरांना जन्मभर असंच वाटत आलं होतं. प्रयोग पुन्हा केला, मग पुन्हा. पत्र लिहिलं, फाडलं. अठरा दिवस गेले.

मग एका गुरुवारी ते बशी घेऊन एस.टी.नं मळ्यावर पोचले. लोटन फाटकाशी बसला होता. सोमवारी पुष्पानं साखर चाटली आणि पाव तासात गुदमरून गेली, असं त्यानं सांगितलं. बाबाच्या मते तिचं मागच्या जन्मीचं पाप आडवं आलं.

"तुम्ही 'नको' म्हनं नही, सर," लोटन म्हणाला. "म्हनीसन साखर दिन्ही."

सर बाबाच्या गादीपाशी गेले, बशी दाखवली, साखरेत औषधाची पूड आहे म्हणाले.

"देव बशीमा मावस का, मास्तर?" बाबानं विचारलं. रांग हसली.

सरांना गादीमागचं अर्धवट उघडं पोतं दिसलं; त्यांनी ते ओढलं. लाल-काळ्या कॅप्सूलांची रिकामी टरफलं भसाभस सांडली. रांगेतली द्रौपदाबाई वाकून टरफलं निरखत म्हणाली, "औषध शे? मंग गुन खराच शे. मना नातूले दोन चिमटी द्या."

रांग पुढं सरकली.

पोलीस तोंडी ऐकत नाहीत, सही करून लिहून द्या, एवढंच लोटन म्हणाला. घरी येऊन सर लिहायला बसले :

"लोटनभाऊ, जंतू म्हणजे दाबून भरलेली कापसाची गाठ समजा. आत जोराचा दाब; बाहेरच्या पट्ट्यांनी तो आवरलेला. वाढताना जंतू जुन्या पट्ट्या सोडतो, नव्या जोडतो. पेनिसिलिनच्या जातीचं औषध जोडणाऱ्याचे हात धरतं, आणि गाठ फुटते. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसते, म्हणून ते बहुतेकांना सोसतं. पुष्पाबाईंना सोसत नव्हतं आणि हे त्यांना माहीत होतं. साखरेत ते आहे, एवढंच माहीत नव्हतं. जो औषधाचं नाव सांगत नाही, त्याच्या हातचं कुणीही जिभेवर ठेवू नये. हे सगळं मला तुमचं पत्र आल्यावर दोन दिवसांत कळलं होतं. मी कळवलं नाही. तेही पोलिसांना वाचून दाखवा."

सही केली, तारीख घातली. या वेळी पुन्हा वाचलं नाही.

सकाळी टपाल कचेरीत कारकुनानं रजिस्टरचा शिक्का मारला आणि पोचपावती हवी का म्हणून विचारलं.

"हो," सर म्हणाले.