हातगुण

वहिनी टाकीशी बोलते, ही बातमी मला कारखान्यात सगळ्यांत शेवटी कळली. घरच्यांना नेहमी शेवटीच कळतं. मी वर कंट्रोल रूममध्ये काचेपलीकडे बसते, टाक्यांचं तापमान आणि फेस सांभाळते. वहिनी खाली बीजखोलीत. टाकीत जे यीस्ट वाढवायचं त्याचं विरजण तिथे बाटल्यांत तयार होतं. आमच्याकडे पिकांच्या काडी-कोंड्यातून साखर काढतात, यीस्ट ती साखर खाऊन अंगात तेल धरतं आणि त्या तेलातून रंगाचा, गोंदाचा, साबणाचा कच्चा माल निघतो. त्यासाठी जमिनीतून तेल उपसावं लागत नाही, असं फाटकावरच्या पाटीवर अभिमानाने लिहिलेलं आहे.

जुन्या टाकीतलं यीस्ट दादाचं होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. तो लॅबमध्ये होता. एकदा त्याचा हातमोजा बोटाशी फाटला आणि त्याला पत्ताच लागला नाही. दोन-तीन दिवसांनी जेलीच्या बशीवर पांढऱ्या ठिपक्यांशेजारी गुलाबी ठिपके उगवले. अशी बशी फेकून द्यायची असते. आमच्या दादाला तुटकं बटणसुद्धा फेकवत नसे, त्याने ती ठेवून दिली. त्या गुलाबी यीस्टने पांढऱ्याच्या दुप्पट तेल दिलं. मॅनेजर म्हणाले, "काय हातगुण आहे हो तुमचा." तेव्हापासून त्या यीस्टचं नावच हातगुण पडलं.

मग दादा गेला. मागच्या हिवाळ्यात, भरदुपारी, जेवून उठता उठता. टाकी मात्र चालू राहिली.

पाळी संपली की वहिनी टाकीच्या पत्र्यावर तळहात ठेवून उभी राहायची. टाकी आतून साधारण माणसाच्या हाताइतकीच गरम असते. मी तिला गाठलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांच्याच हातावरचं आहे ना ते? तेच वाढत आलंय आजवर. मी रोज त्याला खायला घालते."

"वहिनी, ते यीस्ट आहे. पाव फुगवतात तसलं. उद्या पावाशीही बोलशील."

"बोलेन. पाव उलट उत्तर देत नाही, वन्सं."

मला वन्सं म्हणाली की समजायचं, विषय संपला. मला राग आला. दादा काय फक्त तिचाच होता? मी कुठे टाक्यांना कवटाळत फिरत होते?

मग वरून हुकूम आला की हातगुण बंद. नवं पांढरं यीस्ट विकत घेतलं होतं, जास्त चपळ, जास्त तेलाचं. जुनं वाफेने मारून टाकायचं, बाटल्यांसकट. मारणे हा आमच्याकडे रोजचाच शब्द आहे, कुणी त्याला दचकत नाही. वाफेचं बटण माझ्याकडे होतं. काचेतून खाली पाहिलं तर वहिनीचा हात टाकीवर. मी माइकवरून म्हटलं, "हात काढ." ती ऐकेना. शेवटी मी बटण दाबलं, आणि चटका बसला तेव्हा तिने हात काढला. घरी मी तिच्या तळव्याला मलम लावलं.

नवं यीस्ट छान चाललं. आणि मग एका सकाळी नमुन्याच्या बशीवर गुलाबी ठिपका आला.

टाकी रिकामी केली, वाफ दिली, रबराच्या चकत्या बदलल्या, पुन्हा भरली. पुन्हा गुलाबी. तेल घटलं, वास बदलला, ओल्या टॉवेलासारखा तो जुना वास टाकीखाली परत येऊन बसला. "माणूस गेला, पण हजेरी लावायचं सोडत नाही," असं फिटर हसत म्हणाला, पण एकटा टाकीवर चढेना. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. त्यानंतर एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना टाकीच्या वरच्या नळीतून हवा सुटली. रोजच सुटते. त्या दिवशी ती खाकरली. दादा घराच्या दाराशी येऊन अगदी तसाच खाकरायचा, बेल वाजवायची नाही, आणि मी "आले" म्हणून दार उघडायला जायचे. मी "आले" म्हटलं आणि खुर्चीतून उठले. चार पावलं चालल्यावर कळलं की पुढे दार नाही, काच आहे.

लॅबच्या डॉक्टरीणबाईंचा भुतांवर विश्वास नव्हता. त्यांनी बीजखोलीतल्या प्रत्येकाची बोटं जेलीच्या बशीवर टेकवून घेतली. आम्ही काचेपलीकडचे, आम्हाला कुणी विचारलंही नाही. वहिनीच्या बशीवर पाचही बोटांच्या जागी गुलाबी ठिपके उठले.

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी आम्हा दोघींना बसवून सांगितलं, "वर्षानुवर्षं एका घरात राहणाऱ्यांचं असं होतं. कातडीवरचं सगळं एकमेकांना लागतं. त्यांचं तुम्हाला लागलं, की तुमचंच आधी त्यांच्या हातावर गेलं होतं, ते आता सांगता येणार नाही." मग टेबलावर लाल औषधी साबणाच्या दोन बाटल्या ठेवल्या. साध्या साबणाने ते जात नाही. वहिनीची बशी कोरी आली तर बीजखोली, नाही तर नोकरी संपली. "दुसरी बाटली घरच्यांसाठी," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. "नाही तर पुन्हा लागेल."

घरी वहिनी बेसिनपाशी उभी राहिली. नळ चालू, बाटली हातात, झाकण बंद.

"धू ना," मी म्हटलं. "हात म्हणजे काय फोटो आहे का जपून ठेवायला? नोकरी गेली तर खाशील काय?"

"तू वाफ सोडलीस तेव्हा मी रडले नाही," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, ते संपलं. आणि ते इथे होतं. सगळा वेळ इथेच." तिने स्वतःचे तळवे बघितले. "आता मीच मारायचं."

तिने झाकण उघडलं आणि कोपरापर्यंत हात घासले, पुढे रोज घासत राहिली, कातडी सोलवटेपर्यंत. बशी कोरी आली. टाकीही पांढरी राहिली. मॅनेजरांनी तिचं कौतुक केलं.

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी हात मांडीवर टाकून बसली होती, ते हात जणू दुसऱ्या कुणी तिच्याकडे ठेवायला दिले असावेत. म्हणाली, "आता मी एकटी."

"एकटी काय? मी मेले का?" माझ्या तोंडून निघून गेलं. तिला जवळ घ्यायला मी पुढे झाले, तर ती खुर्चीसकट मागे सरकली.

"तुझी बाटली अजून उघडलेली नाही," ती म्हणाली. "बेसिनवर बघितली मी."

खरं होतं. रोज म्हणत होते, आज धुते. तिला धू धू म्हणून पाठीस लागणारी मी स्वतः नळाशी उभी राहत होते आणि हात पुढे करत नव्हते. माझ्या हातावर काही आहे की नाही, तेही मला ठाऊक नाही. बशीवर बोटं टेकवून बघायला मन धजत नाही.

"आत्ता धुते," मी म्हटलं.

"नको." ती पटकन बोलली. मग हळू म्हणाली, "तू नको धुऊस."

तेव्हापासून आमचे टॉवेल वेगळे आहेत, भांडी वेगळी, दाराची कडीही मी कोपराने सरकवते. तिला ताप आला तेव्हा कपाळाला हात लावला नाही, थर्मामीटर पुढे सरकवला. बाहेरच्यांना वाटतं, नणंद-भावजयींचं बिनसलं.

रोज कामावरून आलो की वहिनी म्हणते, "ठेव." मी टेबलावर हात उताणा ठेवते. ती तिचा हात वरून आणते आणि बोटभर अंतरावर थांबवते. ऊब लागते तेवढ्या अंतरावर. मी मान खाली घालून बसते आणि ती माझ्या हाताशी बोलते.