सातव्या दिवसाचा खल

सातव्या दिवशी बाळाच्या कानाशी पितळी खल बडवायचा आणि "आईचं ऐक, बापाचं ऐकू नकोस" असं बजावायचं, ही आमच्याकडची रीत. काल माझ्या नातीच्या, रौदाच्या, कानाशी मीच बडवला. पोर दचकली नाही. पापणीसुद्धा हलली नाही.

"खलच तडकलाय," माझी लेक नगला लगेच म्हणाली. "मडकं बडवल्यासारखा आवाज! कशाला दचकेल ती?"

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पण त्याच सकाळी अंगणात पत्र्याचं पिंप पडलं होतं आणि रौदा दूध पीतच राहिली होती. ते मी कुणालाच सांगितलं नाही. 

माझा नवरा शौकी चाळीस वर्षं नाईलकाठच्या मीत घम्र गावात, याच अंगणात, पितळ ओततोय. हट्टी माणूस. नळ गळला तर दोष पाण्याचा, झाकण बसलं नाही तर दोष भांड्याचा. याच्या ओतकामात खोट म्हणून कधी निघाली नाही. आज त्यानं तो जुना खल घणानं फोडला आणि दोन मोडक्या नळांबरोबर वितळवायला मुशीत टाकला.

"असा खल देतो पोरी," तो नगलाला म्हणाला, "की नाईलपलीकडची गाढवं दचकतील!"

नगला हसली. सात दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि मला धडकीच भरली.

भट्टी पेटली, पंखा घोंघावू लागला. मी चहा घेऊन गेले.

"अहो, साच्याची वाळू ओली नाही ना? बुडबुडे धरले तर खल बद्द वाजेल."

"आता तू शिकव मला!" तो खेकसला. पण मी वळल्यावर त्यानं वाळूला उलटा हात लावून पाहिला. दोनदा पाहिला.

खरं सांगू? वाळू ओली निघावी असंच मला वाटत होतं. खल बिघडला तर आणखी एक दिवस तरी आशा धरता येईल. अल्ला मला माफ करो, मी खोटच मागत होते.

पांढरा धूर उठला. शौकीनं चिमट्यानं मूस उचलली आणि एकाच धारेत ओतली. धार तुटली नाही. मग खल निवेपर्यंत आम्ही तिघं साच्याजवळच बसून राहिलो.

साचा फोडला, खल झाडून पुसला. रौदा आईच्या मांडीवर जागीच होती. शौकीनं तिच्याशेजारी खल ठेवला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बत्ता हाणला.

गच्चीवरची कबुतरं भर्रकन उडाली. भिंतीपलीकडे शेजारणीचं झोपलेलं पोर किंचाळून रडायला लागलं. रौदा आपल्या मुठीकडे बघत होती.

"बाबा," नगला हळूच म्हणाली, "यातही खोट राहिलीय ना?"

शौकी खल हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "हो पोरी. वाळू ओली होती. माझीच चूक. उद्या पुन्हा ओततो."

नगलानं बापाकडे पाहिलं. मग तिनं बाळाला छातीशी घट्ट धरलं.

"नको, बाबा. उद्या मन्सूरा शहरात जाऊ, कानाच्या डॉक्टरकडे," ती म्हणाली. "तुम्ही जन्मात कधी चूक कबूल केली नव्हतीत."