बोरपाड्याचा पूल

वांगणीहून बोरपाड्याला जाणारी छोटी आगगाडी सत्त्याऐंशी साली बंद पडली, तेव्हा द्रौपदीला नवल वाटलं नाही. कंपनीनं आधी सकाळची फेरी काढून टाकली, दूधवाले तुटले. मग बाजाराच्या दिवसाची काढली, भाजीवाल्या तुटल्या. मग साहेब म्हणाले, उतारूच नाहीत, लाइन तोट्यात आहे.

या लाइनीसाठी द्रौपदीच्या सासऱ्याचं भाताचं खाचर गेलं होतं. नवरा सोमा तिथंच गँगमन होता. रूळ तपासताना अंगावर दरड येऊन तो गेला.

दोन वर्षांनी, उन्हाळ्यात, शहरातल्या कॅम्प दोनचा भंगारवाला रूळ उचलायला आला. पाड्यानं मुकाट बघितलं. पण गॅस कटर नदीवरच्या पुलाशी आले, तशी द्रौपदीच्या डोक्यात तिडीक गेली. नदी फुगली की बाहेर पडायला तेवढीच वाट होती. ती जाऊन पुलावर मधोमध बसली; मागोमाग पाड्यातल्या बायाही येऊन तिच्या शेजारी बसल्या.

"मावशी, उठ ना. हमको ऑर्डर है," भंगारवाल्याचा मुकादम म्हणाला.

"ऑर्डर देणाऱ्याला बोलाव."

कंपनीचा साहेब जीपमधून आला. "बाई, पूल कंपनीचा आहे."

"आन खाचर कोनाचं व्हतं? ते द्या परत, मग पूल न्या."

"कायद्यानं बघितलं तर..."

"ही आमच्या पाड्यातली चांगुणा बघा. पोटुशी हाय. पावसात कळा सुटल्या तर तुमचा कायदा तिला पलीकडं नेल?"

साहेबानं घड्याळ बघितलं. द्रौपदी ताडकन उठली.

"सोमा मेला तवाबी तुम्ही असंच घड्याळ बघत व्हता."

साहेब जीपमध्ये जाऊन बसला. थोड्या वेळानं पोलीस आले. द्रौपदीला आणि तिच्या शेजारी बसलेल्या बायांना गाडीत कोंबून घेऊन गेले, संध्याकाळी सोडलं. परत येऊन बघतात तर पुलावरच्या फळ्या आणि कठडे गायब. उरले होते नुसते दोन लोखंडी गर्डर. तेही उद्या कापायचे होते.

द्रौपदी घरी गेली, दाराची फळी बिजागरीतून उपसली आणि डोक्यावर घेऊन आली. दोन्ही गर्डरांवर आडवी टाकून तिच्यावर बसली. मग कुणी खाटेच्या फळ्या आणल्या, कुणी गोठ्याचं फाटक. बाया पाळीपाळीनं तिथं बसू लागल्या. कटरवाले दोनदा येऊन परत गेले. पाऊस लागला, नदी भरली, मग आलेच नाहीत.

श्रावणात चांगुणाला त्याच फळ्यांवरून डोलीत घालून बदलापूरच्या दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. पाड्यात साखर वाटली. कुणीतरी म्हणालं, "जिंकलो आपुन."

"काय जिंकलो?" द्रौपदी म्हणाली. "माझ्या घराला अजून दार नाय."

तिनं साखर घेतली नाही.