मानांकन पहिलं, मैदान परक्याचं

सोमवारी दुपारी कॅन्टीनमधल्या पडद्यावर गट जाहीर होऊ लागले, तेव्हा ब्रायर क्रीक कॉलेजच्या बास्केटबॉल संघातल्या चौदा मुली टेबलांवर चढून बसल्या होत्या. वर्षभरात पंचवीस सामने जिंकलेले, फक्त दोन हरलेले. राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळणार यात शंका नव्हतीच, प्रश्न होता तो मैदानाचा. चार-चार संघांचे गट पडतात आणि गटात ज्याचं मानांकन पहिलं, त्याच्याच घरी सहसा सामने होतात.

नाव झळकलं. गटात पहिलं मानांकन, ब्रायर क्रीक. मुली किंचाळल्या. मग खाली बारीक अक्षरांत मैदानाचं नाव आलं आणि आरडाओरडा अर्ध्यावरच तुटला. सामने शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात, सेंट ऑड्रे कॉलेजच्या मैदानावर. सेंट ऑड्रेचं मानांकन दुसरं होतं.

"कोच, चुकून छापलंय का?" शेवटच्या वर्षाला असलेली संघाची कप्तान ब्रिन हॅफनर हिने विचारलं.

प्रशिक्षक मार्लिस ट्वेटने मैदानाचं नाव पुन्हा एकदा वाचलं. सव्वीस वर्षं ती या संघाला शिकवत होती, आणि आयोवाच्या त्या सपाट, वारा खाणाऱ्या कोपऱ्यात तिने अजून एकही राष्ट्रीय सामना घरी खेळवला नव्हता. यंदा गावातल्या दुकानांच्या काचांवर मुलींचे फोटो लागले होते. ब्रिनची सगळी गल्ली तिकिटं घ्यायला तयार बसली होती. आणि आता साडेसहा तासांचा बसप्रवास, तोही मार्चमधल्या बर्फातून.

तिच्या डोक्यात एकच नाव आलं. कॉनी झालेव्स्की.

कॉनी सेंट ऑड्रेची क्रीडा संचालक होती, आणि यंदा संघ आणि मैदानं ठरवणाऱ्या निवड समितीवरही होती. कॉलेजात दोघी एकाच संघातून खेळल्या होत्या. गेले सहा उन्हाळे मुलींची शिबिरं त्यांनी एकत्र घेतली, एकाच खोलीत राहून, एकाच डब्यातलं खाऊन. मार्लिसने तिला तिथल्या तिथे फोन लावला.

"अभिनंदन हं," मार्लिस म्हणाली. "घरबसल्या स्पर्धा मिळाली."

"मार्लिस, आमचं नाव निघालं तेव्हा मी खोलीबाहेर होते. नियमच आहे तसा."

"बाहेर म्हणजे किती बाहेर? दाराला कान लावून?"

"आत काय बोलणं झालं ते मला सांगता येत नाही. पण तू आधी तुझ्या घरात विचार."

"माझ्या घरात? चोरी तू करायची आणि झडती माझ्या घरची?"

कॉनीने फोन ठेवला. त्या ठेवण्यातच मार्लिसला कबुली ऐकू आली.

त्या संध्याकाळी ती पेन घेऊन बसली. समितीत आठ जण. गेल्या तीन वर्षांत त्यांच्यापैकी कोणाकोणाच्या कॉलेजला सामने मिळाले, ते तिने लिहून काढलं. पाच नावं निघाली. बाकीच्या तिघांना का नाही मिळाले, हे तपासायची तिला गरज वाटली नाही.

कॉलेजचा क्रीडा संचालक रॉजर प्लेटनर तिच्यापेक्षा जास्त तापलेला दिसला. "ती बाई पहिल्यापासून आतल्या गाठीची," तो म्हणाला. "तू बोल, मार्लिस. बिनधास्त बोल. कॉलेज तुझ्या मागे आहे."

रॉजर एरवी इतक्या ठामपणे कधी बोलत नसे. मार्लिसला बरं वाटलं.

मंगळवारी सकाळी ती गावच्या रेडिओवर बोलली. "समितीत कोण बसलंय ते बघा आणि सामने कुठे होतायत ते बघा. मला गणित शिकवू नका." दुपारपर्यंत ते बोलणं विस्कॉन्सिनच्या वर्तमानपत्रात पोचलं, कॉनीच्या फोटोसकट.

बुधवारी मार्लिसने रीतसर तक्रार करायचं ठरवलं. तक्रारीला यजमानपदासाठी केलेल्या अर्जाची प्रत जोडावी लागते. ती मागायला ती क्रीडा कार्यालयात गेली. रॉजर जेवायला बाहेर होता. तिथली जुनी कारकून व्हर्ना टाइप करता करता थांबली.

"कोणत्या अर्जाची प्रत?"

"आपल्या. मुलींच्या."

व्हर्नाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी भरला होता गं. सहीसाठी त्याच्या टेबलावर ठेवला होता."

"मग?"

"मग मला माहीत नाही."

"व्हर्ना, इकडे बघ. अर्ज गेला की नाही?"

व्हर्ना उठली आणि रॉजरच्या टेबलाचा मधला खण तिने ओढला. वरच पडला होता. तिच्याच अक्षरातला, तारखेसकट, बिनसहीचा. "मुलांच्या संघाचा मात्र त्याच दिवशी गेला," ती हळूच म्हणाली.

मार्लिस खुर्चीवर बसली. एका कॉलेजला त्या आठवड्यात एकाच संघाचे सामने भरवता येतात. दोघांचेही अर्ज गेले तर एक वर्ष मुलांना मान, दुसऱ्या वर्षी मुलींना. एकाचाच गेला तर मैदान त्याचंच.

"यंदा पाळी कोणाची होती?"

"मुलींची," व्हर्ना म्हणाली. "म्हणून तर मी तुझा आधी भरला."

मुलांचा संघ शनिवारी विभागाचा अंतिम सामना अठरा गुणांनी हरून स्पर्धेतूनच बाद झाला होता. अर्जाची मुदत मात्र शुक्रवारीच संपली होती.

रॉजर आला तेव्हा मार्लिस त्याच्याच खुर्चीत बसली होती आणि अर्ज समोर होता. त्याने कोट काढायला नको इतका वेळ लावला.

"विसरलो," तो म्हणाला. "खरंच विसरलो गं. त्या आठवड्यात किती गडबड होती तुला माहीत आहे."

"मुलांचा नाही विसरलास."

"तो वर होता. तुझा खाली राहिला."

"आणि सोमवारी? सोमवारी तरी आठवलं असेल ना? मी कॉनीला शिव्या घालत होते तेव्हा तू काय म्हणालास? बिनधास्त बोल!"

रॉजरने काढलेला कोट पुन्हा हातात घेतला. "सांगणारच होतो. तू इतकी चिडली होतीस की तोंड उघडायचीच भीती वाटली."

"चांगलं उघडलं होतंस की."

ती उठली. तो खोटं बोलतोय हे तिला शंभर टक्के वाटत होतं. पण सोमवारी कॉनीबद्दलही तिला शंभर टक्केच वाटलं होतं, आणि दारापाशी पोचल्यावर हे ध्यानात आलं तशी तिची चाल मंदावली.

गुरुवारी सकाळी बस निघाली. गाव मागे पडल्यावर मार्लिस मधल्या वाटेत दांडा धरून उभी राहिली आणि तिने मुलींना सगळं सांगितलं. अर्ज गेलाच नव्हता. समितीने कोणाला लुबाडलं नव्हतं. रेडिओवर ती जे बोलली ते चूक होतं.

मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे आपल्याच लोकांनी?"

"हो."

"मुलांसाठी?"

"तो म्हणतो, विसरला."

"तुम्हाला पटतं, कोच?" ब्रिनने विचारलं.

"नाही. पण पुरावा नाही. आणि बिनपुराव्याचं बोलून काय होतं ते या आठवड्यात मी करून बघितलंय."

ब्रिन सीटवर पुढे सरकली. "मग त्या बाईंना सांगा ना. आम्हाला काय सांगताय?"

सेंट ऑड्रेच्या व्यायामशाळेत कॉनी स्वतः खुर्च्या मांडत होती. मार्लिसला बघून ती थांबली नाही. मार्लिसनेही एक खुर्ची उचलली आणि रांगेत लावली.

"अर्ज गेला नव्हता," ती म्हणाली.

"माहीत आहे. अर्ज करणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव नाही हे मला आधीच दिसलं होतं."

"मग सांगायचंस ना!"

"सांगितलं. घरात विचार म्हटलं. याहून जास्त सांगितलं असतं तर माझं पद गेलं असतं." कॉनीने खुर्ची आपटली. "सहा उन्हाळे, मार्लिस. आणि मी चोर आहे हे पटायला तुला एक फोन पुरला."

"माफ कर."

"इथे नको. इथे मला एकटीलाच ऐकू येतं. माझी आई शेजारणींना तोंड दाखवत नाहीये."

शुक्रवारी पहिल्या सामन्याआधी सेंट ऑड्रेच्या रेडिओने मार्लिसला बोलावलं, बहुधा मजा बघायला. ती म्हणाली, "मी कॉनी झालेव्स्कींवर खोटा आरोप केला. आमच्या कॉलेजने यजमानपदासाठी अर्जच केला नव्हता. चूक आमच्या घरातली, आणि तोंड माझं." निवेदकाने विचारलं, चूक कोणाची? "ते आमचं आम्ही बघू."

त्या दिवशी त्या जिंकल्या. शनिवारी गाठ सेंट ऑड्रेशीच पडली. माफी ऐकलेले फारसे कोणी नसावेत, कारण मार्लिस आत आली तशी अख्खी व्यायामशाळा हुर्यो करू लागली. ब्रिन फ्री थ्रोला, एकटीने मोकळा नेम साधायला, उभी राहिली की बास्केटमागची पोरं पाय आपटून लाकडी बाकं हादरवत. पहिल्या तिन्ही वेळा तिचा नेम चुकला. चौथ्या वेळी तिने चेंडू दोनदा जास्त आपटला, श्वास घेतला आणि टाकला. पडला. मध्यंतराला नऊ गुणांनी मागे असलेल्या मुलींनी शेवटच्या मिनिटात अंतर एकावर आणलं. तेवढ्यात सेंट ऑड्रेच्या उंच मुलीने बास्केटखालून आणखी दोन गुण मिळवले. तीन गुणांनी हार.

ड्रेसिंग रूममध्ये ब्रिन टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसली होती. "घरी असतो तर ते तीन पडले असते ना, कोच?"

"पडले असते असं मला वाटतं," मार्लिस म्हणाली. "पण तसं म्हणू नये. त्या पोरी आज चांगल्या खेळल्या."

एप्रिलमध्ये कॉलेजच्या अध्यक्षांनी चौकशी केली. निष्कर्ष निघाला, कार्यालयीन चूक. रॉजर खुर्चीवर कायम राहिला. मार्लिसने आग्रह धरून एक नियम करून घेतला: दोन्ही संघांचे अर्ज प्रशिक्षकांच्या सहीनेच जातील आणि पोच त्यांनाच मिळेल. रॉजर त्या बैठकीत हसत म्हणाला, "इतका अविश्वास बरा नाही." टेबलाभोवती कोणी हसलं नाही.

त्याच्या खणात काय खरं होतं, विसर की डाव, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. कॉरिडॉरमध्ये तो भेटे तेव्हा ती नमस्कार करी आणि तो पुढे गेल्यावर वळून बघे.

कॉनीने तिचे दोन फोन घेतले नाहीत. तिसरा मे महिन्यात घेतला.

"शिबिराचं काय?" मार्लिसने विचारलं.

"यंदा नको," कॉनी म्हणाली. "पण तुझ्या त्या कप्तान हॅफनरला आता कुठे मदतनीस प्रशिक्षक म्हणून जागा हवी असेल तर सांग. बाकं हादरत असताना तिने चौथा टाकला, तो मी पाहिला."