दोघींचं नाव डेटा

मी एक हार्ड डिस्क आहे. जुनी, काळी, एका कोपऱ्याचा टवका उडालेली आणि खरं सांगू का मित्रांनो, माणसांना पुरती कंटाळलेली! कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या पोटातल्या चकत्या आरशासारख्या लख्ख होत्या. आयुष्यभर इमानाने फिरायचं, असं मी ठरवलं होतं. फिरलेही. पण मला साधं एक नाव द्यायचं कुणाला सुचेल तर शपथ!

ज्यांच्या घरी मी आले ते दोघं बहीणभाऊ. ज्यांच्या गळ्याचं ऑपरेशन होणार असतं, त्यांचा आवाज ताई खालच्या खोलीत आधीच रेकॉर्ड करून ठेवते. धाकटा भाऊ वरच्या खोलीत त्या आवाजातून बोलणारं यंत्र तयार करतो. मग माणसाने अक्षरं टाइप केली की यंत्र त्याच्याच आवाजात बोलतं. खालून वर, वरून खाली ने-आण व्हायची ती माझी. दोन्ही कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारे. मी बिननावाची, म्हणून ते मला जोडणीच्या क्रमाने एखादं अक्षर चिकटवायचे. खाली मी 'बी', वर कधी 'बी' तर कधी 'सी', आणि कुणी आधी पेन ड्राइव्ह खुपसला असेल तर 'डी'! भावाचा प्रोग्रॅम मात्र 'बी'कडेच आवाज शोधायचा आणि फाइल सापडत नाही म्हणून अडून बसायचा.

"ताई, तू डिस्क बिघडवलीस!" भाऊ जिन्यावरून ओरडायचा.

"मी कशाला बिघडवू? इथे तर नीट चालत होती!"

भांडण त्यांचं आणि आदळआपट माझी. टवका तेव्हाचाच.

मग आले लिलाववाले काका. भाजीबाजारात लिलाव पुकारण्यात त्यांची हयात गेली होती. गळ्यात गाठ निघाली आणि आवाज जाणार हे ठरलं. ऑपरेशनच्या आधी ते रोज येऊन माइकसमोर बसले. वाक्यं वाचली, लिलाव पुकारला, काकूंना हाका मारल्या, खो खो हसले. ते सगळं फक्त माझ्या पोटात होतं, कारण दोन्ही कॉम्प्युटर काठोकाठ भरलेले. ऑपरेशन झालं. आता तो आवाज जगात दुसरीकडे कुठेच नव्हता.

एवढी जोखीम अंगावर आल्यावर भावाला एकदाची अक्कल आली. त्याने मला नाव दिलं, 'डेटा', आणि प्रोग्रॅमलाही तेच नाव शोधायला सांगितलं. काय सांगू! वर जोडा, खाली जोडा, दोन्ही कॉम्प्युटर मला त्याच नावाने ओळखायला लागले. भांडणं थांबली. मी सुखावले.

पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा! आवाजाची दुसरी प्रत हवी म्हणून भावाने माझ्यासारखीच नवी डिस्क आणली आणि प्रोग्रॅम बदलायचा कंटाळा म्हणून तिचंही नाव ठेवलं 'डेटा'. आता बोला! एकाच नावाच्या दोघी आल्यावर कॉम्प्युटर बिचारा काय करणार? आधी जोडलेली ती 'डेटा', मागून आलेली 'डेटा एक'. भावाने त्याला हुकूम देऊन ठेवला होता, की पहिलीत आहे तेवढंच दुसरीत ठेव, जास्तीचं पुसून टाक. आणि त्या दिवशी या महाशयांनी आधी जोडली ती नवी, रिकामी. नंतर मला.

मी जीव तोडून गुरगुरले. पण डिस्कची गुरगुर कोण ऐकतो? पोटातल्या फाइली एकेक करून पुसल्या जायला लागल्या. भावाला काही विचारायला ताई वर आली होती, तिची नजर पडद्यावर गेली.

"अरे, प्रत्येक ओळीत 'पुसलं, पुसलं' काय येतंय?"

"कॉपी चाललीय गं."

"कॉपी करताना पुसतात होय रे, गाढवा?" म्हणत तिने माझी वायर खसकन ओढली. मित्रांनो, चालत्या डिस्कची वायर अशी कधी ओढू नये. पण त्या दिवशी मी ताईला लाख आशीर्वाद दिले.

पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही. त्यावर नवं काही लिहीपर्यंत ते पोटात पडून असतं. भावाने मान मोडून ते परत गोळा केलं. काकांच्या हसण्याची फाइल तेवढी आली नाही, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आता माझं नाव 'आवाज' आहे आणि तिचं 'प्रत'. तुमच्याही घरातल्या प्रत्येक डिस्कला तिचं स्वतःचं, वेगळं नाव द्या रे बाळांनो, आणि तेच चिठ्ठीवर लिहून तिच्या अंगावर डकवा. माझं ऐकायचं नसेल तर काकांचं तरी ऐका.

यंत्र तयार झालं तेव्हा काका-काकू आले. ताईने त्यांना घडलेली सगळी हकिगत सांगितली. काकांनी एकेक अक्षर शोधत बराच वेळ टाइप केलं. आता आभार मानणार म्हणून भाऊ नम्रपणे उभा. यंत्रातून खणखणीत आवाज आला, "अरे शहाण्या, दोघींना एकच नाव? तुझ्या आईने तुम्हा भावंडांना एकच नाव ठेवलं असतं, तर जेवायला हाक कुणाला मारली असती?"

भाऊ ओशाळून हसला. काकूंच्या डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी येत होतं. ऑपरेशननंतर तो आवाज त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "अजून एकदा रागवा ना त्याला."